अ‍ॅक्सेसमध्ये चलनाच्या टेबलात सगळीकडे #डिलीटेड, मायएसक्यूएलमध्ये डेटा मात्र जिथल्या तिथं

उद्यमबाग_स्टोअर
नमस्कार मंडळी. बेळगावात फाउंड्रीच्या स्टोअरला आहे. कास्टिंगची आवक-जावक, गेटपास, चलन सगळं अ‍ॅक्सेस २०१३ मध्ये, आता डेटा तेवढा मायएसक्यूएल डेटाबेसवर हलवलाय आणि ओडीबीसीनं (दोघांना जोडणारा ड्रायव्हर) टेबलं लिंक केलीत. पार्टी मास्टर उघडतं, पण चलनाचं टेबल उघडलं की वरपासून खालपर्यंत नुसतं #डिलीटेड. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (मायएसक्यूएल थेट बघायचं साधन) सगळी चलनं आहेत की! अ‍ॅक्सेसपण ओळींचा आकडा बरोबर दाखवायलंय. फरक एवढाच दिसतोय की चलनाची प्रायमरी की (प्रत्येक ओळीचा वेगळा नंबर) बिगइंट म्हणजे ६४ बिटची आहे, पार्टीची इंट म्हणजे ३२ बिटची. ड्रायव्हर बदलू का टेबल? आणि पार्ट्यांची नावं थोडी मराठीत थोडी कन्नडात आहेत, ती सगळी ??? येतात.

निपाणीकर
डेटा सुखरूप आहे, काळजी सोडा. दुखणं बिगइंटचंच. लिंक टेबल उघडताना अ‍ॅक्सेस आधी नुसत्या की गोळा करतं, म्हणून आकडा बरोबर येतो, मग तीच की देऊन ओळी मागवतं. २०१३ ला ६४ बिटचा पूर्णांक माहीतच नाही, त्यामुळं की भलत्याच प्रकारात धरली जाते, ओळ आली तरी जुळत नाही आणि ती कुणीतरी उडवली असं त्याला वाटतं. डीएसएनच्या (पीसीवरच्या ओडीबीसी जोडणीच्या सेटिंगच्या) डिटेल्समध्ये बिगइंटला इंट समजायचा पर्याय आहे, तो टिक करा, 'रिटर्न मॅचिंग रोज' (जुळलेल्या ओळी) हा पर्यायपण टिक करा. मग लिंक काढून नव्यानं जोडा हं, कॉलमचा प्रकार लिंकमध्येच साठलेला असतो, नुसतं बंद करून उघडलात तर तेच दिसणार.
नावांसाठी युनिकोड ड्रायव्हर घ्या, तुम्ही एएनएसआय लावलेला दिसतोय, त्यात मराठी-कन्नड अक्षरं बसत नाहीत. तोवर नावांच्या फॉर्ममध्ये काही सेव्ह करू नका, प्रश्नचिन्हं खाली डेटाबेसात गेली की मूळ नाव परत मिळत नाही.

खानापूर_रोड
टिकवर माझा भरवसा नाही. ती त्या एकाच पीसीच्या डीएसएनमध्ये असते, उद्या डिस्पॅचच्या पीसीवर कुणी नवीन डीएसएन केला की परत हेच. बॅकअप घेऊन कॉलमच इंट करून टाका, २१४७४८३६४७ पर्यंत जातं, चलनाला पुष्कळ झालं. अनसाइन्ड (उणे आकडे नसलेला) नको, अ‍ॅक्सेसचा लाँग हा पूर्णांक साइन्ड आहे. आणि चलनाच्या आयटम टेबलातला जोडकॉलमपण तसाच बदला, नाहीतर फॉरेन की (दोन टेबलांमधली जोडणी) घेणार नाही. नवीन अ‍ॅक्सेसमध्ये बिगइंट चालतो, पण ते सेटिंग चालू केलेली फाइल २०१३ वाल्या पीसीवर उघडत नाही, म्हणून तिकडं जाऊच नका.

उद्यमबाग_स्टोअर
लई आभार दोघांचे! टिक करून लिंक नव्यानं जोडली, चलनं दिसली, कन्नड नावंपण व्यवस्थित आली. कॉलम सुट्टीदिवशी बदलतो. आता एक राहिलंय, १२.३५ किलो वजन असलेल्या ओळीत नुसता शेरा बदलला तरी 'दुसऱ्या युजरनं रेकॉर्ड बदललंय' म्हणतं, आणि मी एकटाच बसलोय इथं.

निपाणीकर
वजन फ्लोटमध्ये (अंदाजे साठणारा दशांश) असणार. फ्लोटमध्ये १२.३५ अचूक बसत नाही. सेव्ह करताना अ‍ॅक्सेस जुनी किंमत ताडून बघतं, ती जुळली नाही की दुसऱ्यानं बदललं असं धरतं. वजन डेसिमल (अचूक दशांश) करा, १०,३ म्हणजे एकूण दहा अंक, त्यातले तीन दशांशानंतर, एवढं पुरे. शिवाय टेबलाला एक टाइमस्टॅम्प (वेळ टिपणारा) कॉलम जोडा, मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच तसं सांगितलंय. हेही झाल्यावर लिंक परत नव्यानं.