आजारी लेकरू अमेरिकेला दत्तक गेलं म्हणून टाळ्या?

कडूनिंब :
फिरत फिरत ती पोस्ट माझ्याकडेही आली. ओहायोतलं जोडपं, घरात स्वतःची तीन मुलं, तरी महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून थॅलसेमिया मेजर (जन्मजात रक्ताचा आजार, आयुष्यभर रक्त चढवावं लागतं) असलेली चार वर्षांची मुलगी दत्तक घेऊन गेलं. विमानतळावर फुगे, पाट्या, रडारड. इथवर छान. पण शेअर करणाऱ्या आपल्याच बंधूंनी वर लिहिलंय, "इथे राहिली असती तर वर्षभरात गेली असती. गोऱ्यांनी जीव वाचवला." खाली जोडलेल्या हातांची ही रांग.

त्या जोडप्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डोकं फिरलं ते या एका ओळीने. माझा भाचा थॅलसेमिया मेजर आहे. पुण्यातच वाढला, आता सव्वीस वर्षांचा आहे, बँकेत थकलेल्या हप्त्यांसाठी लोकांना फोन करून शिव्या खातो. ठरावीक आठवड्यांनी रक्त, त्यातून साचणारं लोह उतरवायला रोज डेफेरासिरॉक्सची गोळी, वर्षातून एकदा हृदयात नि यकृतात किती लोह साचलंय ते बघणारा एमआरआय. सुखाचं आहे असं कुणी म्हणणार नाही. पण 'वर्षभरात गेली असती'? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, सरकारी रक्तपेढीत या मुलांना रक्ताचे पैसे पडत नाहीत, बोन मॅरो बदलण्यासाठी कोल इंडिया या सरकारी कंपनीच्या पैशातून १० लाखांपर्यंत मदतीची योजना २०१७पासून आहे. त्या मुलीसाठी इथे औषध होतं. इथे आईबाप मिळाले नाहीत. हे दुसरं सांगायला लाज वाटते, म्हणून लोक पहिलं सांगतात.

तिरकस_तात्या :
गोऱ्यांचं कौतुक केलं तर तुम्हाला पोटशूळ, नाही केलं तर आम्ही कृतघ्न. एकदा काय ते ठरवा. क्रिकेटपटू लिसा स्थळेकर पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या श्रीवत्स अनाथालयातून दत्तक गेली आणि ऑस्ट्रेलियाकडून विश्वचषक जिंकली. इथे राहिली असती तर कुठल्या संघात घेतली असती हो तिला?

कडूनिंब :
तात्या, लिसाचे वडील हरेन स्थळेकर मूळ मुंबईचे. 'गोऱ्यांनी नेलं' याचं उदाहरण म्हणून द्यायला तुम्हाला नेमकं तेच सापडलं?

एडिसनची_आई :
एरवी वाचनमात्र असते, पण हे वाचून राहवलं नाही. आम्ही अमेरिकेत असतो, आमची मुलगी याच आजाराची, मराठवाड्यातल्या एका संस्थेतून दत्तक आलेली. कडूनिंबताई, तुमच्या भाच्याला आई होती. सगळा फरक तिथे आहे. औषध एकीकडे आणि आईबाप दुसरीकडे असे तुम्ही दोन ढीग केलेत, ते फक्त घरात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत जमतं.

तिची फाइल आली तेव्हा फेरिटिन, म्हणजे अंगात साचलेल्या लोहाचं माप, चार हजारांच्या वर होतं. रक्त वेळेवर मिळत होतं, लोह उतरवणारं औषध मात्र कधी चालू, कधी बंद. संस्थेतल्या ताया वाईट नव्हत्या हो. खोलीभर तान्ही मुलं, त्यातल्या एकीसाठी रोज ठरल्या वेळी गोळी विरघळवायची, ती थुंकली तर पुन्हा पाजायची, ताप आला तर ताबडतोब पळायचं, याला माणूस कुठून आणणार? 'सरकारी रक्त फुकट' हे बरोबर आहे. त्या बाटलीमागे रात्रभर खुर्चीवर बसणारं कुणीतरी लागतं, ते योजनेत नसतं. आणि फुकट रक्ताबद्दल बोलायचं तर २०२२ साली नागपुरात थॅलसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याच्या बातम्या होत्या, त्यातलं एक दगावलं. तेही विसरू नका.

राहिला प्रश्न बोन मॅरोचा. १० लाख सरकार देईल, जुळणारा दाता कोण देणार? सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. जिला भावंडं आहेत की नाहीत हेच माहीत नाही तिने ती योजना घेऊन काय करायचं?

तिरकस_तात्या :
आणि तिकडे काय, जीन थेरपी घरपोच? या आजारावर २०२२ साली मंजूर झालेल्या त्या झिंटेग्लो जीन थेरपीची किंमत २८ लाख डॉलर आहे म्हणे. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की पोरगी पुन्हा रक्तावर.

एडिसनची_आई :
नोकरी बदलायची भीती आहेच, नवरा त्यापायी एका नावडत्या साहेबाखाली चिकटून आहे. पण तात्या, तुम्ही भारतातल्या रक्तपेढीच्या बाजूने बोलताय की अमेरिकेच्या विरुद्ध, ते आधी सांगा.

रांगेतला_बाबा :
इथे सगळे भावुक झालेत, आता जरा आमचंही ऐका. आम्ही डोंबिवलीतलं साधं जोडपं. दत्तकाचं काम बघणाऱ्या कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर कधीची नोंदणी आहे. पस्तीस हजारांवर जोडपी रांगेत, आणि दत्तक द्यायला कायद्याने मोकळी मुलं देशभरात तीन हजारांच्याही आत. सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन फ्रिजसुद्धा उघडून बघून गेली. होम स्टडीची, म्हणजे त्या घरपाहणीच्या अहवालाची, मुदत संपली, पुन्हा केला. ओळखीच्या एका जोडप्याला मूल मिळालं, तर आदेशाची फाइल एका जिल्हाधिकारी कार्यालयात पडून. २०२२पर्यंत कोर्टात वेळ जायचा, आता तिकडे जातो. आणि इथे बातमी काय, तर तीन मुलं असलेल्या अमेरिकन घराला चौथं मिळालं! आमच्या मुलांवर पहिला हक्क आमचा नाही का? की ५००० डॉलर फी भरणारा परदेशी आधी? परदेशी दत्तकात पैसे उकळल्याच्या आरोपाचं, पुण्यातल्या प्रीत मंदिर संस्थेचं २०१०चं ते सीबीआय प्रकरण विसरला नसाल.

गोदाकाठ :
बाबा, मी दत्तक संस्थेत काम करते, म्हणून स्पष्टच लिहिते. बाल न्याय कायद्याचं कलम ५९ वाचा. मूल मोकळं जाहीर झाल्यावर ६० दिवसांत भारतातलं किंवा अनिवासी भारतीयांचं घर मिळालं नाही, तरच परदेशाची वाट उघडते. अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना तिथे प्राधान्य देता येतं, कारण इथे त्यांना कुणी विचारत नाही. २०२४-२५मध्ये देशात ४१५५ मुलं दत्तक गेली, परदेशात ३६०. तुमचं मूल गोऱ्यांनी पळवलं हा हिशोब कुठे बसतो?

आता खरं सांगा. नोंदणी करताना विशेष गरजा असलेलं मूल चालेल का, या चौकटीवर तुम्ही टिक केली होती? केली असती तर तुम्ही त्या पस्तीस हजारांत नसता. आम्हाला फोन येतात ते दोन वर्षांच्या आतली, शक्यतो मुलगी, रंग 'आमच्यात खपेल असा'. ओठ दुभंगलेलं बाळ असलं तर ऑपरेशन आधी करून मग द्या म्हणतात. दुरुस्त करून मागतात मूल!

रांगेतला_बाबा :
झालं? काढला राग? आम्ही दोघं नोकरी करतो, सासूबाई गुडघ्याने अडलेल्या, घर वन बीएचके, त्याचा हप्ता. आधीपासूनच्या आजाराला वैयक्तिक विमा पॉलिसीत तीन वर्षं थांबवू शकतात. बायको दर तीन आठवड्यांनी रजा काढणार की मी? टिक नाही केली. निर्दय होतो म्हणून नव्हे, झेपणार नाही हे माहीत होतं म्हणून. एकाने नोकरी सोडून घरी बसणं आमच्यात परवडत नाही. तुम्ही मात्र रंगाबद्दल बोलणाऱ्यांच्या ओळीत आम्हाला उभं केलंत.

गोदाकाठ :
रंगाचं तुम्हाला उद्देशून नव्हतं. विम्याचा मुद्दा मान्य, तो धडधडीत खरा आहे. पण मग झेपत नाही म्हणा, 'पहिला हक्क आमचा' म्हणू नका.

सह्यकडा :
आणि तिकडे गेल्यावर त्या मुलांचं काय होतं ते कोण बघतं? २०१७ला टेक्सासमध्ये बिहारहून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा दत्तक घरातच जीव गेला, ते सगळ्यांनी वाचलंय.

एडिसनची_आई :
वाचलंय. ते घर गोऱ्यांचं नव्हतं, भारतीय वंशाच्या जोडप्याचं होतं. तेव्हा जातभाईपणाचं सर्टिफिकेट कामाला येत नाही. बघतं कोण म्हणाल तर दोन वर्षं अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. पुरेसे आहेत का? मला नाही वाटत. आमच्या अहवालात मुलीला इडली आवडते हे आलं, रात्री उठून ती दाराशी चपला घालून बसायची हे मी सांगूनही आलं नाही.

प्रयोगशाळा :
सगळेजण मुलगी कुठे वाढावी यावर भांडताय. ती या आजाराने जन्मालाच का आली, हे कुणी विचारलं? दरवर्षी देशात अंदाजे दहा हजार थॅलसेमिया मेजर मुलं जन्मतात. वाहक कोण ते कळायला एचबीए-टू ही साधी रक्ततपासणी. नवरा-बायको दोघेही वाहक (दोष अंगात, पण स्वतःला आजार नाही) असले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. पत्रिकेसाठी तीन ज्योतिषी करतात, रक्त तपासायला सांगितलं की नाक मुरडतात. लग्नाआधी सक्तीची करा. सायप्रसने करून दाखवलंय, चर्च दाखल्याशिवाय लग्न लावत नाही, नवीन रुग्ण जवळपास शून्य. इथे निदान सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजात तरी ताबडतोब सक्ती हवी.

उल्हासनगरी :
वाटच बघत होतो, आमच्या समाजावर खापर कधी फुटतंय त्याची. साहेब, तुमच्या लॅबचं दुकान चालावं म्हणून आमच्या पोरींची लग्नं मोडणार का? माझी बहीण थॅलसेमिया मायनर, म्हणजे नुसती वाहक आहे. साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी तिचा रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, "खराब खून" म्हणून. मुलाचा रिपोर्ट नॉर्मल होता! म्हणजे मेजर मूल होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मोडलं. तपासणी झाली होती, अक्कल कुठे होती?

आणि सायप्रस अर्धवट सांगू नका. तिथे दाखला लागतो, लग्न करायचं की नाही ते जोडप्यावर असतं. बहुतेक वाहक जोडपी लग्न करतात आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतात. इथे तशी सोय किती तालुक्यांत आहे ते सांगा, मग सक्ती बोला.

प्रयोगशाळा :
दुकान? सरकारी रुग्णालयात नोकरी करतो, पगार तपासण्यांवर नाही. भावनेच्या भरात बोलताय. संख्या बघितली तर तुमच्या समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहे, हे वैद्यकशास्त्र आहे, जातीयवाद नव्हे.

उल्हासनगरी :
प्रमाण जास्त असेल, मक्ता नाही आमचा. वॉर्डात या एकदा, पलंगावरच्या पाट्या वाचा. पाटील, जाधव, गावित सगळे दिसतील. सिंधी आईबाप निदान पहिल्या मुलानंतर तपासून घेतात. तुमच्यातले 'आमच्यात हे नसतं' म्हणत दुसरंही मेजर जन्माला घालतात.

प्रयोगशाळा :
पाट्यांचं खरं आहे, वाहक सगळ्या जातींत सापडतात. ठीक, सक्ती करायचीच तर सगळ्यांना. खूश?

उल्हासनगरी :
उपकार झाले.

कडूनिंब :
धागा दत्तकाचा होता, एवढी आठवण करून देते. भाच्याला मुली बघायच्या म्हटल्यावर आमच्या घरातही हेच सगळं झालंय, म्हणून गप्प बसले होते.

एडिसनची आई, तुमचं फेरिटिनचं वाचलं. संस्थेत आणि घरात फरक पडतो हे कोण नाकारतंय? पण मग ती ओळ तशी लिहा ना. "हिला इथे कुणी घर दिलं नाही" असं लिहा. 'भारतात मेली असती' लिहिलं की इथे त्याच आजाराची मुलं सांभाळणारी आयाबाया वेड्या ठरतात, आणि न सांभाळणाऱ्यांना आयती पळवाट मिळते. आजच वॉर्डात एका आईने मला ती पोस्ट दाखवून विचारलं, मॅडम, माझीही जाणार का?

एडिसनची_आई :
त्या आईला हे दाखवायलाच नको होतं कुणी. ती ओळ मूर्खपणाची आहे, हे मी कधी नाकारलं? पण ओळ लिहिणारा वेगळा आणि मुलगी नेणारे वेगळे. तुमच्या शीर्षकातल्या टाळ्या मात्र त्या जोडप्याच्याच काढून घेतल्यात.

कडूनिंब :
घ्या परत. वाजवा. मी त्या ओळीवर ठाम आहे.

प्रयोगशाळा :
वादापेक्षा हे बघा. पुढच्या रविवारी कल्याणला एचबीए-टू तपासणीचं शिबिर आहे, मोफत. सर्व जातीधर्मांसाठी, हे उल्हासनगरींसाठी मुद्दाम लिहितोय.

उल्हासनगरी :
येतो. तीस-चाळीस पोरं घेऊन येतो. तुमच्यातले किती येतात ते मोजायला दाराशी खुर्ची ठेवा.

प्रयोगशाळा :
ठेवतो. आत्तापर्यंतची नोंदणी : तुम्ही.

तिरकस_तात्या :
त्याच सुईत साखर पण बघतील का? नसेल तर ठाण्याहून कशाला येऊ?