मदत हवी आहे: गेम स्पर्धेतलं मतदान निकोप कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. आमचा छोटा गट विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन गेम बनवण्याची स्पर्धा घेतोय. विजेता सगळ्यांच्या मतांवर ठरवायचा, एवढं नक्की. पण लिंक खुली ठेवली की ज्याचे व्हॉट्सअॅप ग्रुप जास्त तो जिंकतो, गेम कुणी उघडूनही बघत नाही. ओटीपी लावला तरी तात्पुरते ईमेल मिनिटात बनतात. आयपीवर (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावर) बंदी घालावी, तर एका हॉस्टेलचा आयपी बहुधा एकच. खरी मतंच उडतील.

२००२ पासून चालणाऱ्या लुडम डेअर या ऑनलाइन गेम बनवण्याच्या स्पर्धेची पद्धत मला फार पटते. तिथे भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून गुण देतात, आणि किमान २० जणांनी गुण दिल्याशिवाय क्रमवारीत नाव लागत नाही. आमच्याकडे प्रवेशिकाच कमी, मग ही अट कितीची ठेवावी? मित्रांनी आपसात ठरवून पाच-पाच तारे दिले तर? गेमच्या जोड्या आम्हीच नेमून द्याव्यात आणि ‘या दोनांतला सरस कोणता’ एवढंच विचारावं, असं मनात आहे. कुणी करून पाहिलंय का? लहान गावातून एकट्याने गेम पाठवणाऱ्या मुलीवर अन्याय व्हायला नको, ही खरी काळजी आहे. मतांचे आकडे निकालापर्यंत झाकून ठेवले तर फरक पडतो का, तेही सांगा.