अंगणात पर्गोला करावा का? शीट टाकावी की नको?

नमस्कार, आमचं घर गोव्यात डिचोलीला, जुनं कौलारू. पुढे चिऱ्यांचं अंगण आहे पण पश्चिमेला एकही झाड नाही, त्यामुळे तीननंतर चिरे असे तापतात की आईला बाहेर बसवत नाही. पर्गोला, म्हणजे खांबांवर उघड्या पट्ट्यांचा मांडव, करायचा विचार आहे. फॅब्रिकेटर म्हणतो वर पॉलिकार्बोनेट शीट टाका म्हणजे पाऊसपण अडेल. काय करू? लाकूड की लोखंड?

फोंडेकर: शीट नको ताई. खाली गरम हवा कोंडते, वर पाचोळा साचून शेवाळ धरतं, आणि जुलैत वारापाऊस आला की आवाजाने बोलणं ऐकू येत नाही. पण नुसत्या पट्ट्यांवर पण भरवसा ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, उभ्या पट्ट्यांमधून ऊन सरळ खाली येतं. तुमचा त्रास पश्चिमेचा आहे ना, मग पट्ट्या दक्षिणोत्तर लावा, रुंद बाजू उभी, म्हणजे उतरतं ऊन अडेल, आणि दुपारसाठी वर वेल चढवा. वेल भरेपर्यंत पावसाळा संपला की माडाच्या विणलेल्या झावळ्या घालायच्या आणि मिरग यायच्या आधी काढायच्या, आपले मांडव असेच तर असतात.

पेडण्याची बागवाली: खांब चिऱ्यांचेच बांधा, घराला शोभतील आणि वाळवीची चिंता नाही. वर सागवान किंवा फणसाचे वासे. लाकूड कुठेही मातीला टेकू देऊ नका, आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, टेकलेलं टोक आधी कुजतं. आम्ही समुद्राजवळ, इथे साध्या लोखंडाला नुसता रंग मारून भागत नाही, खारा वारा वेल्डिंगच्या जोडापासून खायला सुरुवात करतो. लोखंडच करायचं तर गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) घ्या आणि प्रत्येक जोडावर झिंक प्रायमर मारून घ्या.

डिचोली (मूळ प्रश्न): खूप आभार दोघांचे! शीट रद्द. वेल कुठला लावू, मधुमालती चालेल?

पेडण्याची बागवाली: चालेल, भराभर वाढते, पण फार जड होते आणि पावसात भिजली की वाशांवर सगळा भार येतो, म्हणून मेअखेरीस कडक छाटणी करायचीच. कौलांकडे जाणारे शेंडे दिसले की लगेच कापा, एकदा कौलांखाली शिरली की कौलं उचलते. आई संध्याकाळी बसणार असतील तर मी जुईच लावीन, हलकी असते आणि फुलते पण त्याच वेळेला. एका खांबाला पॅशनफ्रूट चढवा, फळंही मिळतील.