हिवाळी कलेक्शनच्या किमतींवरून वाद: पैसे नक्की कशाचे?

रेशीमलड:
एका मोठ्या फॅशन हाउसच्या हिवाळी कलेक्शनवर सध्या दोन टोकांची मतं वाचायला मिळतायत. एक गट म्हणतो ही उघड लूट आहे. दुसरा म्हणतो हातकामाला किंमत असतेच. दोन्हीकडून 'क्वालिटी' हा शब्द येतो, पण कपडा उलटा करून काय बघायचं ते कोणी सांगत नाही.

चार वस्तूंबद्दल विचारते आहे. लोकर-कश्मिरीचा डबल-फेस कोट (लेबलवर ७० टक्के लोकर, ३० टक्के कश्मिरी म्हणजे बकरीची मऊ लव, अस्तर नाही), रेशमी सॅटिनचा बायस कट (कापड तिरकं बेतलेला) ड्रेस, काफ लेदरची (वासराच्या चामड्याची) बॅग आणि छातीवर नाव छापलेला सुती स्वेटशर्ट. कोटाची किंमत स्वेटशर्टच्या साधारण पाचपट आहे. ज्या कोटाला साधं अस्तरही नाही त्याला एवढे पैसे का, यावर सगळ्यात जास्त भांडण आहे. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत काय तपासता येईल? आणि किमतीतला कापडाचा-शिलाईचा वाटा किती, नावाचा किती, याचा अंदाज बांधता येतो का?

माया_दीडइंच:
कोटापासून सुरुवात करते. या चारांत सगळ्यात जास्त हात त्यालाच लागलेले असतात.

डबल-फेस म्हणजे मागावर एकदमच विणलेले दोन थर आणि त्यांना अधूनमधून धरून ठेवणारा बारीक बांधणीचा धागा. कोटाची आतली बाजूही बाहेरच्याइतकीच स्वच्छ दिसायला हवी, म्हणून अस्तर नाही. पण अस्तर नाही म्हटल्यावर शिवणी आणि माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) लपवायला जागाही नाही. अस्तर वाचल्याने जेवढा खर्च कमी होतो, त्याच्या कितीतरी पट मजुरी वाढते.

काम असं चालतं. प्रत्येक तुकड्याच्या कडेने सव्वा ते दीड सेंटीमीटर आतपर्यंत दोन थर सोडवायचे, म्हणजे मधला बांधणीचा धागा ब्लेडने कापत जायचं. बाहेरच्या दोन थरांना मशीनची टीप मारायची, शिवण उघडून वाफेच्या इस्त्रीने बसवायची. मग आतल्या थरांच्या कडा आत दुमडून एकमेकींना भिडवायच्या आणि हाताने, न दिसणाऱ्या टाक्याने जोडायच्या. खांदे, बाजू, बाह्या, मुंढा (बाही जोडतात ते वळण), कॉलर, खिशाचं तोंड, खालची दुमड, सगळीकडे हेच.

बिघडतं कुठे तेही सांगते, कारण तपासायचं तेच असतं. ब्लेड थरात घुसलं तर कापड तिथे पातळ होतं आणि काही हिवाळ्यांनी विरतं. थर गरजेपेक्षा खोल सोडवले तर शिवणीलगत पोकळी राहते, बोटाला ती जाणवते. टाका ओढला गेला तर चुण्या येतात, सैल राहिला तर कडा उघडते. मुंढा सगळ्यात अवघड. वळणावर बाहीची जादा लांबी बाहेरच्या थरात वाफेने जिरवावी लागते आणि आतल्या थरातही तितकीच जिरवावी लागते. घाईचं काम झालं असेल तर ते काखेत पकडलं जातं, छातीवर नाही.

तर कोट उलटा करा आणि थेट काखेकडे जा. तिथे पट्टी लावून कडा झाकलेली असेल किंवा ओव्हरलॉक (कच्च्या कडेवर मशीनने गुंडाळलेला दोरा) दिसला, तर अवघड काम टाळलंय. आतली कडा बोटांनी हलकेच फाकवा. हाताचे टाके तिरपे आणि किंचित कमीजास्त अंतराचे दिसतात. सरळ, एकसारखी, दोन्ही बाजूंनी दिसणारी टीप असेल तर ते मशीन आहे. मशीन असणं हा दोष नाही, पण मग हातकामाची किंमत मागू नये.

दुसरी तपासणी कापडाची. दोन वेगळी कापडं चिकटवूनही 'डबल-फेस' म्हणून विकतात. मधला भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून थर एकमेकांवर सरकवून बघा. विणलेल्या कापडात बारीकशी हालचाल होते, चिकटवलेलं पुठ्ठ्यासारखं एकजीव राहतं. असं कापड ड्राय क्लीनिंगमध्ये किंवा जोरदार वाफेत सुटतं, पृष्ठभागावर फोड आल्यासारखं दिसतं, आणि त्यावर उपाय नाही.

कश्मिरीचा मुद्दा त्यामानाने लहान आहे. एका बकरीपासून वर्षाला वापरण्याजोगी मऊ लव साधारण १५० ते २०० ग्रॅम मिळते. कोट १.२ किलोचा धरला तर ३० टक्के म्हणजे ३६० ग्रॅम, दोन-अडीच बकऱ्यांची वर्षाची लव. महाग आहे, पण कोटाची किंमत त्यावरून ठरत नाही. लेबलवरच्या टक्केवारीपेक्षा तंतूची लांबी आणि जाडी महत्त्वाची. अमेरिकेच्या लेबल-कायद्यानुसार कश्मिरी म्हणायचं तर तंतूचा सरासरी व्यास १९ मायक्रॉनच्या आत हवा आणि ३० मायक्रॉनहून जाड तंतू वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. लांबीवर मात्र तिथे बंधन नाही, आणि आखूड तंतूच गोळे धरतो. आतल्या बाजूला तळवा दहा-पंधरा वेळा घासा. लव सुटून वर आली तर कापड दुकानात मऊ लागावं म्हणून जास्त घासून काढलेलं आहे.

घाऊक_किरकोळ:
आता किमतीची रचना. कपड्याच्या धंद्यातलं रूढ गणित असं: बनवण्याचा खर्च गुणिले दोन ते अडीच म्हणजे घाऊक भाव, आणि घाऊक भाव गुणिले अडीच ते पावणेतीन म्हणजे दुकानातली किंमत. एकूण पाच ते सातपट. मोठ्या हाउसची दुकानं स्वतःचीच असतात, त्यामुळे दोन्ही टप्प्यांचा फरक त्यांच्याकडेच राहतो. दुकानाचं भाडं, जाहिरात, शो हेही त्यातूनच जातं.

प्रसिद्ध झालेले आकडे बघा. डिओरसारखी अनेक महाग नावं ज्याच्याकडे आहेत त्या एलव्हीएमएच समूहाची २०२३ची विक्री ८६.२ अब्ज युरो होती. ढोबळ नफा ६९ टक्के, म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च विक्रीच्या ३१ टक्के. विपणन आणि विक्री यांवर सुमारे ३६ टक्के. यात दारू, घड्याळं, सुगंधी द्रव्यं असं सगळंच येतं, पण चित्र कळायला पुरेसं आहे: वस्तू बनवण्यापेक्षा ती विकण्यावर जास्त खर्च होतो. एर्मेस या दुसऱ्या महाग हाउसचा कामकाजाचा नफा त्याच वर्षी विक्रीच्या ४२ टक्के होता.

त्यामुळे 'हातकाम आहे म्हणून महाग' हे मला अर्धंच पटतं. शनेलच्या मध्यम आकाराच्या क्लासिक फ्लॅप बॅगेची युरोपातली किंमत २०१९ ते २०२४ या काळात जवळजवळ दुप्पट झाली. त्या काळात चामडं आणि मजुरी महागली, पण दुप्पट नाही. ही वाढ 'आपण कुठल्या रांगेत बसायचं' या निर्णयातून येते.

मिलानच्या न्यायालयाचा एक आकडा या वादात सतत फेकला जातो, तोही नीट समजून घ्यावा. जून २०२४ मध्ये मॅन्युफॅक्चर्स डिओर या डिओरचा माल बनवणाऱ्या कंपनीवर न्यायालयाने प्रशासक नेमला. उपकंत्राटदारांकडच्या कामगारांच्या पिळवणुकीवर देखरेख ठेवली नाही, असं कारण होतं. २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जोडणीला ५३ युरो दिले गेल्याचं त्यात आलं. त्या ५३ युरोंत चामडं धरलेलं नव्हतं, म्हणून 'बॅग ५३ युरोंत बनते' हे चूक आहे. (फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रशासन मुदतीआधी उठवलं गेलं.) पण जोडणीचं काम करणाऱ्या हातांना किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास पोचले, हे राहतंच. मला या सगळ्या वादात चीड येते ती याची. हाताच्या नावाने किंमत मागायची आणि हातालाच पोचवायची नाही.

टॉईल_सहावी:
घाऊक_किरकोळ, मजुरीबद्दल तुमच्याशी सहमत. पण तुमच्या हिशेबात एक खर्च दिसत नाही: कपडा सुचण्यापासून पहिला नग तयार होईपर्यंतचा.

असा कोट आधी मांजरपाटावर उभा करतात, त्याला टॉईल म्हणतात. खांद्याचा उतार आणि मुंढ्याची खोली जमेपर्यंत चार-पाच टॉईल सहज होतात. मग खऱ्या कापडाचा नमुना, कारण डबल-फेस मांजरपाटासारखं पडत नाही. मग ग्रेडिंग, म्हणजे एका मापावरून बाकी सगळी मापं काढणं. हा खर्च दहा हजार नगांवर वाटला तर जाणवतही नाही, दोनशे नगांवर वाटला तर प्रत्येक नगावर बसतो. शोमधले अनेक कपडे अगदी कमी संख्येत निघतात. धंदा चालतो प्री-कलेक्शन (मुख्य शोच्या मधल्या काळात येणारे कपडे), बॅगा, चपला-बूट यांवर, कारण ते दुकानात पूर्ण किमतीला जास्त आठवडे टिकतात.

म्हणून एकाच कलेक्शनमध्ये किमतीचा अर्थ वस्तूगणिक बदलतो. स्वेटशर्टच्या पाचपट किमतीचा तो कोट, कामाच्या हिशेबाने, या यादीतली सगळ्यात प्रामाणिक किंमत असू शकते. लोक सगळ्यात मोठ्या आकड्यावर तुटून पडतात आणि छापील स्वेटशर्ट 'त्यातल्या त्यात परवडतो' म्हणून घेतात, याचं वाईट वाटतं. सुती लूपनिटचं (आतून फासे असलेलं विणलेलं) कापड, चार-पाच सरळ शिवणी, गळ्या-मनगटाची ताणली जाणारी रिब पट्टी आणि छपाई. मशीनवर एका तासाच्या आतलं काम. कापड ४०० ग्रॅम प्रति चौरस मीटर असलं तरी त्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

आणखी एक गोंधळ: रेडीमेड कलेक्शनला सर्रास 'ओत कुत्युर' म्हटलं जातंय. फ्रान्समध्ये ते नाव १९४५ पासून कायद्याने राखलेलं आहे. ते ग्राहकाच्या मापावर, फिटिंग घेऊन, पॅरिसच्या अतेलियेत (कार्यशाळेत) होतं. हा कोट मापांच्या तक्त्यावरून बनतो. त्याच्यावर कुत्युरची टीका नको आणि कुत्युरचं कौतुकही नको.

दोनसुया:
बॅगेचं थोडक्यात. टाका बघा. सॅडल स्टिच दोन सुयांनी, एकाच मेणवलेल्या धाग्याने घालतात. प्रत्येक भोकातून धागा दोनदा जातो, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओढ पुढे जाते. हाताचा टाका पुढून किंचित तिरका दिसतो. बहुतेक महाग बॅगा मशीननेच शिवलेल्या असतात आणि चांगल्या शिवलेल्या असतात, फक्त त्या हाताने शिवलेल्या म्हणून विकत घेऊ नका.

कडेचा रंग: पातळ थर, सुकवणे, घासणे, पुन्हा थर, असं अनेकदा. वेळ वाचवायला एकच जाड थर दिला की पट्टा जिथे वाकतो तिथे तो तडकतो. पट्ट्याचं टोक वाकवून बघा.

चामडं: हलकेच दाबल्यावर बारीक नैसर्गिक सुरकुती उठायला हवी. काहीच हललं नाही, वर प्लॅस्टिकची साय असल्यासारखं वाटलं, तर पृष्ठभाग घासून वर जाड रंग चढवलाय. आणि नक्षी छापलेली कॅनव्हासची बॅग चामड्याच्या बॅगेशेजारी जवळपास त्याच भावात ठेवली असेल, तर ते लेप दिलेलं सुती कापड आहे. टिकतं छान. पण भाव तिथे नक्षीचा असतो.

रेशीमलड:
सगळ्यांचे आभार. काख आणि पट्ट्याचं टोक, दोन्ही लक्षात ठेवते. ड्रेस राहिला. हँगरवर त्याची खालची कड एका बाजूला दीड-दोन सेंटीमीटर खाली आलेली दिसत होती. विक्रेत्यांचं म्हणणं, बायस कट असाच असतो. खरं आहे का?

माया_दीडइंच:
नाही. बायस ताणला जातो हे खरं, म्हणूनच तो आधी लटकवून ठेवायचा असतो.

कापड ४५ अंशात बेतलं की उभा आणि आडवा, दोन्ही धागे तिरपे लटकतात आणि वजनाने खाली येतात. दोन्ही सारखे येत नाहीत, म्हणून एक बाजू जास्त लांबते. शिवून झाल्यावर ड्रेस किमान २४ तास, जड सॅटिन असेल तर ४८, तसाच टांगून ठेवतात. मग शिवणकामाच्या पुतळ्यावर चढवून, जमिनीपासून मोजून खालची कड कापतात आणि अगदी बारीक गुंडाळून हाताने शिवतात. हे टांगणं टाळलं तर ते लांबणं दुकानाच्या हँगरवर होतं. तुम्ही पाहिलंत ते तेच.

न दिसणाऱ्या कामाचाही खर्च किमतीत असतो, हा टॉईल_सहावीचा मुद्दा इथे लागू होतो: त्या किमतीत ते दोन दिवस धरलेले असायलाच हवे होते. तो नग त्याच्या किमतीचा नाही, मग कलेक्शन कितीही चांगलं असो.

आणखी दोन गोष्टी बघा. बाजूच्या शिवणी हँगरवर पुढे वळतायत का? वळत असतील तर तुकडे एकाच दिशेने बेतलेत. डावा-उजवा भाग उलटसुलट तिरक्यावर बेतला तर ओढ दोन्हीकडून सारखी बसते, पण कापड जास्त जातं. आणि शिवण फ्रेंच आहे का, म्हणजे कच्ची कड आत बंद केलेली. रेशमावर ओव्हरलॉक असेल तर त्याचा कडक दोरा बाहेरून उमटतो.

बाकी सगळं आवडलं असेल तर त्याच मापाचा दुसरा नग मागवा आणि दोन्ही शेजारी टांगून कडा जुळवा. किंवा तोच घ्यायचा ठरला तर तुमच्या उंचीवर, तुम्ही घालणार त्या बुटांसह, कड पुन्हा कापून द्यायला सांगा. या किमतीला बरीच हाउसेस ते काम वेगळे पैसे न घेता करून देतात, मात्र आपणहून सांगत नाहीत. कापण्याआधी ड्रेस दोन दिवस त्यांच्याकडेच टांगून ठेवायला सांगा, आणि हे पावतीवर लिहून घ्या.