१० किलोहर्ट्झचा सहाव्या ऑर्डरचा लो पास फिल्टर: सॅलन-की घ्यावा का एमएफबी (मल्टिपल फीडबॅक)? (ऑप-अँपने फिल्टर बांधायच्या दोन जोडण्या)

ओहमकार:
१२ बिटांच्या एडीसीच्या (अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या चिपच्या) आधी अँटी-अलायझिंग फिल्टर लावायचाय, म्हणजे सॅम्पलिंग करताना वरच्या फ्रिक्वेन्सी दुमडून खाली यायला नकोत. सॅम्पलिंग ५० किलोहर्ट्झ, कामाचा सिग्नल १० पर्यंत. क्यू (कटऑफजवळ टप्पा किती उठतो ते सांगणारा आकडा) ०.७०७ चे तीन सारखे सॅलन-की टप्पे एकामागे एक जोडले तर सहाव्या ऑर्डरचा बटरवर्थ (कटऑफच्या आत सपाट राहणारा फिल्टर) होईल ना? ऑप-अँप टीएल०७२, पुरवठा ±१२ व्होल्ट.

सममिती:
नाही होणार. प्रत्येक टप्पा १० किलोहर्ट्झला ३ डेसिबल खातो, तिघांचे मिळून ९ जातात. क्यू ०.५१८, ०.७०७ आणि १.९३२ हवेत. ऑर्डर (कटऑफनंतरचा उतार किती तीव्र ते) मात्र योग्य आहे: ४० किलोहर्ट्झची कुरकुर दुमडून १० वर येते, आणि ४० ला हा फिल्टर ती ७२ डेसिबलने दाबतो. १२ बिटांना तेवढं पुरतं.

युनिटी गेन (एकपट) आणि दोन्ही रेझिस्टर समान धरा. मग फीडबॅकचा कपॅसिटर ग्राउंडकडच्याच्या ४क्यू² पट लागतो.

पहिला टप्पा: दोन्ही ४.७ नॅनोफॅरड, रेझिस्टर ३.४ किलोओहम. क्यू ०.५ येतो, पण १० किलोहर्ट्झला फरक जेमतेम ०.३ डेसिबल.
दुसरा: ग्राउंडला २.२, फीडबॅकला २.२ चे दोन समांतर, ५.११ किलोओहम.
तिसरा: ग्राउंडला १, फीडबॅकला १५, ४.१२ किलोओहम.

जास्त क्यूचा टप्पा शेवटीच ठेवा. ९.३ किलोहर्ट्झच्या आसपास तो सिग्नल दुप्पट करतो. पहिला लावला तर तिथेच क्लिपिंग होतं, म्हणजे सिग्नलची शिखरं कापली जातात.

फीडबॅकवेडा:
आकडे बरोबर आहेत, पण जवळ स्विचिंग सप्लाय असेल तर तिसरा टप्पा एमएफबीच करा. वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अँपचा आउटपुट इम्पिडन्स वाढतो आणि सिग्नल त्या १५ नॅनोफॅरडमधून थेट आउटपुटला पोचतो. खाली गेलेला आलेख पुन्हा वर चढतो. सिम्युलेशनमध्ये आदर्श ऑप-अँप घेतला तर हे दिसतच नाही.

एमएफबीला ऑप-अँपची गेन-बँडविड्थ (त्याच्या वेगाचं माप) १०० × क्यू × कटऑफ, म्हणजे २ मेगाहर्ट्झ तरी हवी. टीएल०७२ ची ३ आहे, जेमतेम भागेल. ओपीए२१३४ ची ८, ती घ्या. एमएफबी सिग्नल उलटा करतो, हे लक्षात असू द्या.

कपॅसिटर सी०जी (स्थिर क्षमतेचा सिरॅमिक) किंवा पॉलिप्रॉपिलीनच. एक्स७आर सिरॅमिकची क्षमता व्होल्टेजबरोबर बदलते, त्यातून डिस्टॉर्शन येतं.

सममिती:
एमएफबीचा मुद्दा मान्य. जोडण्याआधी टप्पे सुटे तपासा. सॅलन-कीच्या तिसऱ्याला १० किलोहर्ट्झची साइन द्या: आउटपुट इनपुटच्या १.९३ पट आणि ९० अंश मागे हवं. ऑसिलोस्कोपच्या एक्स-वाय मोडमध्ये लंबवर्तुळ तिरकं दिसलं, तर ते सरळ उभं होईपर्यंत दोन्ही रेझिस्टर सारख्याच प्रमाणात बदला.