मराठी मजकूर, मुक्त साधनं आणि पडद्यामागची अक्षरं : अनुभव धागा

जुनी पुस्तकं स्कॅन करून मजकूर काढणं, कार्यालयातल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणं, मराठी नावांच्या याद्या साफ करणं, अशी कामं इथले बरेच जण मुक्त स्रोत साधनांनी करतात. नेमकं काय केलं की काम होतं आणि कुठे अडतं, ते या धाग्यावर लिहा. प्रस्तावना नको. पायऱ्या, आकडे आणि चुकांची कारणं द्या.

*

ओसीआरपासून, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखण्यापासून, सुरू करतो. टेसरॅक्ट हे ओसीआरचं साधन २००५ साली मुक्त झालं, पण मराठीसाठी खरा फरक पडला तो २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून. त्या आवृत्तीपासून ते सुटं अक्षर न बघता न्यूरल नेटवर्कने पूर्ण ओळ वाचतं. शिरोरेषेने जोडलेल्या लिपीला हीच पद्धत मानवते.

स्कॅन ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये करा. थेट काळा-पांढरा केलात तर पातळ कागदावर अनुस्वार पहिले उडतात. पान स्कॅनटेलरमधून सरळ करून घ्या, कारण एखाद्या अंशाच्या तिरपेपणानेही शिरोरेषा वरच्या ओळीच्या उकारांना भिडते. कडा छाटताना चहूबाजूंनी दहाएक पिक्सेल पांढरी जागा ठेवा, नाहीतर ओळीचं पहिलं अक्षर गळतं. मराठीच्या प्रशिक्षित फायलीचे 'फास्ट' आणि 'बेस्ट' असे प्रकार मिळतात. पुस्तकासाठी 'बेस्ट'च घ्या. वेळ जास्त लागतो, पण तो नंतर मुद्रितशोधनात वसूल होतो. टेसरॅक्टमधला पानाच्या रचनेचा पर्याय (पीएसएम) सलग गद्याला ६, लहान-मोठे टाइप असलेल्या एका स्तंभाला ४. दोन स्तंभांचं मासिक असेल तर पान आधीच उभं कापा. इंग्रजी भाषा जोडीला द्यायची ती पानावर खरोखर इंग्रजी शब्द असतील तरच.

एवढं करूनही घ-ध, भ-म, थ-य, व-ब या जोड्या चुकतात. त्यांची यादी समोर ठेवून तपासलं की डोळा लवकर बसतो. आकडे मात्र वेगळे तपासा. शब्द चुकला तर वाक्य बोंब मारतं, १चा ९ झाला तर कोणालाच कळत नाही.

*

पीडीएफ हाती आली की लगेच ओसीआर लावू नका. पॉप्लर या पीडीएफ साधनांच्या संचात फॉन्टांची यादी देणारं छोटं साधन असतं, ते आधी चालवा. यादीत एकही फॉन्ट नसेल तर पानं म्हणजे नुसती चित्रं आहेत. फॉन्ट आहेत पण युनिकोडच्या रकान्यात 'नाही' असेल, तर मजकूर कॉपी होईल पण हाती कचरा येईल. तिथे ओसीआरएमवायपीडीएफ या साधनाला सक्तीचा पर्याय देऊन पानं नव्याने वाचून घ्यावी लागतात.

रकान्यात 'हो' असलं तरी एक परिच्छेद कॉपी करून बघाच. पीडीएफमध्ये अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.

*

जुन्या फॉन्टांतल्या फायली : श्रीलिपी, कृतीदेव, योगेश, शिवाजी वगैरे. या फायलींत मुळात मराठी नसतंच. रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. म्हणून पहिला नियम : मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकायचा नाही. कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात होता, ही माहिती तिथेच मरते.

जुनी डॉक फाइल लिब्रेऑफिसने डॉकएक्स करा. डॉकएक्स म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फायली असतात. त्यात प्रत्येक तुकड्याला फॉन्टचं नाव लावलेलं सापडतं, कधी थेट, कधी शैलीतून आलेलं. जुन्या फॉन्टाचेच तुकडे बदला, म्हणजे मधले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते शाबूत राहतात.

बदलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी सर्वांत लांब संकेतमालिका, मग लहान. त्यानंतर अर्धी अक्षरं जोडून घ्या. मगच ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या संपूर्ण जोडाक्षरापलीकडे न्या. ती एकाच अक्षरापलीकडे नेली की 'स्थिती'मधली वेलांटी अर्ध्या स-वर अडकते. रफार सगळ्यांत शेवटी. तो उलट्या दिशेने, मात्रा ओलांडून जोडाक्षराच्या आधी न्यायचा : 'गर्दी'त तो 'दी'नंतर टंकलेला असतो. रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह असलेले फॉन्टही आहेत, ते संकेतबदलाच्या कोष्टकात वेगळं लिहा.

*

युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलं असं नाही. पडद्यावर सारखा दिसणारा 'ऱ्या' आत दोन प्रकारे लिहिलेला असतो. एक : ऱ (युनिकोड संकेत ०९३१), हलन्त, य. दुसरा : साधा र (०९३०), हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (२००डी), य. शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, या दोघांना एक करत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'अदृश्य चिन्हं साफ करा' म्हणून सगळे जोडक उडवणं. दुसऱ्या प्रकारातला जोडक गेला की 'पायऱ्या'चं 'पायर्या' होतं. ते निदान दिसतं तरी. 'आचाऱ्यास'चं 'आचार्यास' झालं तर स्वयंपाक्याचा गुरू होतो आणि शब्दतपासनीसही गप्प राहतो. म्हणून आधी दुसऱ्या प्रकाराचा पहिला करा, मग उरलेले जोडक काढा. 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' यांनाही हेच लागू.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह जे दाबलं की ऱ, मग डी (हलन्त), मग तिरकी रेघ (य) : ऱ्य तयार.

*

आत वेगवेगळ्या प्रकारे लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांत ॲ घाला. ०९७२ हा त्याचा स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोड ५.१मध्ये आला. त्याआधीचा मजकूर अ अधिक चंद्र असा आहे, कधी मधे जोडकासह, कधी त्याशिवाय. एनएफसी यांनाही जुळवत नाही, नियम हातानेच लिहावा लागतो.

विसर्गाच्या जागी कोलन हेही सर्रास. 'दु:ख'मध्ये दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर आहे, तिथे आपोआप बदला. आकड्यांना हात लावू नका, ५:३० ही वेळ असते. शब्दाच्या शेवटी मात्र माणसानेच बघायचं, कारण 'स्वत:'मधला विसर्ग असतो आणि 'नाव:'मधला कोलनच असतो.

*

पायथनवाल्यांसाठी. नमुने शोधणाऱ्या अंगभूत 're' मॉड्यूलमधलं शब्दाक्षराचं चिन्ह मात्रा आणि हलन्त ओळखत नाही, त्यामुळे 'मराठी'चे तुकडे पडतात. 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल घ्या. लांबी मोजतानाही जपा : 'क्षि' म्हणजे चार संकेत. जोडाक्षर अखंड एक धरण्याचा देवनागरीला लागू होणारा नियम युनिकोड १५.१मध्ये, २०२३ साली आला. जुनी लायब्ररी तिथे दोन मोजते.

क्रमवारीत संकेतांनुसार ळ हा ल-नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत ह-नंतर. आयसीयू या भाषावार क्रम लावणाऱ्या लायब्ररीला भाषा मराठी सांगा, मग ळ, क्ष, ज्ञ जागेवर येतात.

*

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली आणि मराठीच्या जागी तिरकी रेघ असलेले रोमन ए दिसले, तर घाबरू नका. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तेच अक्षर पुन्हा पुन्हा दिसतं. फाइल न साठवता बंद करा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा, किंवा फाइल तयार करतानाच सुरुवातीला बीओएम, म्हणजे यूटीएफ-८ची ओळख देणारी खूण, घाला.

तशाच अवस्थेत कोणी साठवली असेल तर मजकूर विंडोज-१२५२ या जुन्या रोमन संकेतनात परत बाइट करून यूटीएफ-८ म्हणून वाचायचा. बहुतेक परत येतो, पण १२५२मध्ये पाच बाइटांना अक्षरच नाही. ते वाटेत गळाले असतील तर नेमके हलन्त, ऱ्हस्व उकार, ए, ऐ आणि झ जातात. 'झेंडे' आणि 'एकनाथ' असली नावं आधी तपासा. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर त्या फाइलीत काही उरलेलं नाही, मूळ प्रतच मागा.

*

छोटी भर : एसएमएस. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं, देवनागरीचा एकही संकेत आला की ७०, आणि संदेश लांबून तुकडे पडले की प्रत्येकी ६७. मोजायचे ते संकेत, दिसणारी अक्षरं नव्हेत. ग्रामपंचायतीच्या पाणीसूचनेचा मसुदा करताना ही मोजणी आधी करा, खर्च तुकड्यांवर लागतो.