‘अन्नमदत’ खोडून ‘अन्नदान’?

सायली_नौपाडा: हैतीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. परदेशातून आलेल्या धान्याला मी ‘अन्नमदत’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘अन्नदान’ केलं, कारण ‘मदत’ अरबी. मला ते फार खुपतंय. १९९५ मध्ये हैतीनं तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं, अमेरिकेचा अनुदानित तांदूळ शिरला आणि तिथला भातशेतकरी मोडला. २०१० मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक जाहीर कबूल केली. त्याच वर्षी भूकंपानंतर धान्य फुकट येऊ लागलं, तेव्हा हैतीचे राष्ट्राध्यक्ष प्रेव्हालच म्हणाले, आता थांबवा, आमचा शेतकरी मरतोय. याला दान म्हणायचं?

शुद्धलेखक: मग ‘अन्नसाहाय्य’ लिहा. आपला शब्द असताना उसना कशाला?

दाणाबंदर_वाशी: ‘किंमत’, ‘बाजार’, ‘हिशेब’ही काढून टाका मग! मुद्दा वेगळा आहे. दानाचे पैसे घेत नाहीत. पीएल ४८० चा, म्हणजे परदेशांना सवलतीत धान्य देण्याच्या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू आपण रुपये मोजून घेतला. ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथंच साठत गेले. १९७४ मध्ये त्यातल्या १,६६४ कोटींवर त्यांनी पाणी सोडलं. ही सवलतीची उधारी झाली. परिणामासाठी आमच्या बाजारात साधं बोलणं आहे : आवक वाढली, भाव तुटला.

मुरबाडकर: आमच्याकडे ‘खावटी’ म्हणतात. आषाढात कणगीचा तळ दिसायला लागला की आजी सावकाराकडून भात आणायची. सुगीला दीडपट फेड, तीही खळ्यावरच, पाटी भरून. पोट भरायचं, पण पुढचं पीक आधीच दुसऱ्याचं. सायलीताई, तुम्हाला हवा तो अर्थ यातच आहे.

सायली_नौपाडा: अर्थ अगदी हाच. पण ठाण्यात ‘खावटी’ म्हटलं की लोकांना कोर्टातली पोटगी आठवते.

कळव्याची_माई: बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायची. भाकरी थापताना कडा फाटायच्या, आई गरम पाण्यानं सांधत बसायची. ‘देवा, काहीतरी मिळो’ म्हणून मिलो, असं ती सांगायची.

दाणाबंदर_वाशी: नाही माई, मिलो हे त्या ज्वारीचंच नाव, धान्याबरोबर आलेलं.

कळव्याची_माई: असेल. आमच्या घरात आईचाच अर्थ चालतो.

मुरबाडकर: आणि दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी? सुकी म्हणून सुकडी की गुजरातीतून आली?